बाळ्याच्या शीर्षासनावरून

नेरूळ, रविवार

चि. बाळ्यास,

खारघरच्या सेंट्रल पार्कातल्या हिरवळीवर पाय आभाळाकडे केलेला तुझा फोटो ग्रुपवर पाहिला आणि हातातला चहा गार झाला. खाली लिहिलंयस, 'योग सगळे सारखेच. आता पॉवर लावू की हॉट? ताई, तूच सांग.' रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने आधी डोक्यावर उभं राहायचं आणि मग विचारायचं! सुनंदाने फोटो काढला तरी कसा? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या मुलाच्या हाती पाठवतेय. तो खारघरलाच कॉलेजात आहे.

सारखे कुठले रे? एका गुरूचे शिष्यसुद्धा सारखे राहिले नाहीत. नर्मदाकाठच्या मालसरचे माधवदासजी. त्यांच्या योगेंद्रांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला संस्था काढली, ती पुढे सांताक्रूझला गेली. त्यांचं लक्ष प्रपंचातल्या माणसावर, म्हणून सगळं सोपं करून शिकवलं. दुसरे कुवलयानंद, म्हणजे अमळनेरला शिकवणारे गुणे. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं आणि थेट प्रयोगशाळाच मांडली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब उतरतो, हे मोजून त्याला गुरूचं नाव दिलं. अप्पा नौली करून दाखवायचे आणि तू आजीमागे लपायचास, ते विसरलास वाटतं.

तिकडे म्हैसूरला कृष्णमाचार्यांच्या शिष्यांचंही तेच. पट्टाभी जोइसांकडे क्रम ठरलेला, आसनात पाच श्वास, की उडी मारून पुढे. तुझा पॉवर योग हे त्याचंच अमेरिकेत वाढलेलं नातवंड. अय्यंगार मात्र १९३७ मध्ये पुण्यात आले आणि त्यांनी पट्टे, विटा, खुर्च्या, भिंतीवरचे दोर असा संसारच मांडला. का, तर आखडलेल्या माणसालाही आसनात नीट थांबता यावं. हॉट म्हणजे साधारण ४० अंशांच्या खोलीत ठरलेला २६ प्रकारांचा क्रम. खारघरच्या मे महिन्यात त्याचे पैसे कसले मोजतोस? पंखा बंद कर.

आता माझं मत. भुजंगासन इथूनतिथून भुजंगासनच. फरक पडतो तो किती थांबायचं आणि बाहेर कसं यायचं, यात. आणि थांबणं हीच या नवी मुंबईत कुणाला न परवडणारी गोष्ट! आमच्या सेक्टरातल्या वर्गात शिक्षक शवासन म्हणायचा अवकाश, अर्धे लोक चटया गुंडाळून पनवेल-ठाणे लोकल गाठायला निघतात. शवासनाआधी उठणाऱ्याला मी योग करणारा मानतच नाही, मग पद्धत कुणाचीही असो. जेवणं उभ्याने, बोलणं कानात यंत्र घालून, झोप मोबाईल उशाशी घेऊन, आणि योगसुद्धा घाम किती आला यावर मोजायचा! तू तर लहानपणापासून उतावळा. वाईच्या घाटावरची ती उडी आठवते ना? टाके घालताना तुला अप्पा नाही, मी धरून बसले होते.

तर, शीर्षासन बंद. श्वास कोंडून धरणं बंद. गरम खोलीचं नावही नको. गोळी लघवीवाटे पाणी काढणारी असेल तर घामाने चक्कर यायची. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही पुन्हा सुरू करू नकोस. सध्या पवनमुक्तासन, ताडासन, भिंतीला टेकून जमेल ते, आणि शेवटी पडून राहणं. ग्रुपवर फोटो न टाकता.

वर्गातल्या शिक्षकांना गोळीचं सांगितलंयस का? नसशीलच. पत्र मिळताच फोन कर, आणि आधी सुनंदाकडे दे. सकाळी दाब किती होता ते तिलाच विचारते, तू दहा कमी करून सांगतोस.

तुझी,
ताई