चाकांवरचें घर आणि गोडें पाणी

अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानाच्या पश्चिम कडेस क्वार्ट्झसाइट नांवाचें एक लहानसें गांव आहे. २०२० च्या खानेसुमारींत येथील कायमची वस्ती अडीच हजारांच्या आंतच भरली. परंतु हिंवाळा आला कीं गांवाभोंवतालच्या सरकारी माळावर हजारों गाड्या येऊन उभ्या राहतात आणि वाळवंटांत जणूं एक नगरच वसतें. ह्या गाड्यांस तिकडे आर. व्ही. म्हणतात. निजण्याच्या फळ्या, चूल, मोरी, शौचकूप, सर्व कांहीं आंतच असल्यामुळें हें चाकांवरचें बिऱ्हाडच म्हणावयाचें. उत्तरेकडील बर्फास कंटाळलेलीं वृद्ध जोडपीं अशीं बिऱ्हाडें हांकीत येथें येतात व सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सरकारी परवाना काढून खुशाल राहतात. २०२४ च्या जानेवारींत आमचे फीनिक्स येथें राहणारे चिरंजीव आम्हां उभयतांस आपल्या चोवीस फुटी गाडींतून तेथें घेऊन गेले. बरोबर सूनबाई होत्या. फीनिक्सपासून अंतर सुमारें दोनशें किलोमीटर. रस्ता इतका सरळ कीं पाहणाऱ्यास झोंप यावी.

गांवांत पाहण्यासारखें म्हणजे स्मशानभूमींतील दगडी पिरॅमिड. त्याच्या माथ्यावर उंटाची आकृति आहे. १८५० नंतरच्या दशकांत अमेरिकन लष्करानें वाळवंटांतील वाहतुकीसाठीं उंट आणविले. त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली नांवाचा उंटवाला १९०२ सालीं येथें निवर्तला. तिकडच्या जिभांनीं त्याचा ‘हाय जॉली’ करून टाकला व त्याच नांवानें तो चिरनिद्रा घेत आहे. उंटाच्या मदारींत पाणी नसून चरबी असते, हें आम्ही शाळेंत वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों. आमच्या गाडीच्या पोटांत मात्र खरोखरच पाणी होतें: ४० गॅलन, म्हणजे सुमारें १५० लिटर. माणसें चार, मुक्काम चार रात्रींचा. शिवाय ह्या बिऱ्हाडास आणखी दोन टाक्या असतात, एक मोरीच्या सांडपाण्याची व एक शौचकूपाची. पाणी संपलें तरी पंचाईत आणि सांडपाण्याची टाकी भरली तरी पंचाईत! गांवाजवळ नळ व सांडपाणी ओतण्याची जागा आहे. परंतु तेथें जावयाचें म्हणजे सगळें बिऱ्हाड आवरून, घरच हलवून न्यावें लागतें.

टाकी भरली होती ती फीनिक्सच्या घरच्या नळावर. त्या शहराच्या पाण्यांत कोलोराडो नदीचा मोठा वांटा असून तें हवासू सरोवरांतून कालव्यानें आणलेलें असतें. नदी येते क्षारांनीं भरलेल्या खडकांतून. वाटेंत ऊन तिचें पाणी उडवितें आणि शेतांतून झिरपून परत येणारें पाणी तिच्यांत आणखी क्षार आणून सोडतें. चिरंजीवांजवळ क्षार मोजण्याचा पेन्सिलीएवढा काटा आहे. त्यानें टाकींतील पाणी लिटरास सहाशें मिलिग्रॅमच्या थोडें वर दाखविलें. रुचीच्या दृष्टीनें तें पांचशेंच्या आंत असावें असें तेथील सरकारचें मार्गदर्शन आहे. सहाशेंनीं कोणी आजारी पडतो असें नव्हे. पण चहावर तवंग येतो, किटलीच्या तळाशीं पांढरा थर बसतो आणि तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं. पाण्यांतील चुन्याचा अंश डाळीच्या सालपटाशीं व पेशींशीं असा कांहीं संग करतो कीं दाणा टणकच राहतो. आमच्या कुटुंबानें पूर्वीं एकदां त्या पाण्यांत वरण लावून पाहिलें होतें. तेव्हांपासून गाडीच्या ओट्याखालीं चिरंजीवांनीं ‘रिव्हर्स ऑस्मॉसिस’चें यंत्र बसविलें आहे.

ऑस्मॉसिसला मराठी परिभाषेंत ‘तर्षण’ असा एक सुरेख शब्द आहे. तृष् म्हणजे तहान लागणें. सूक्ष्म पडद्याच्या एका बाजूस निर्मळ व दुसऱ्या बाजूस खारट पाणी ठेविलें, तर निर्मळ पाणी आपण होऊन खारटाकडे ओढलें जातें. खारट पाण्यास जणूं तहान लागलेली असते. ह्या तहानेवर मात करण्याइतका दाब खारट बाजूस दिला कीं पाण्याचा ओघ उलट फिरतो व क्षार मागें राहून निर्मळ पाणी पलीकडे येतें. समुद्राच्या पाण्यास त्यासाठीं चौरस इंचास आठशें-हजार पौंड दाब द्यावा लागतो. आमच्या गाडीच्या छोट्या पंपाचे पन्नासेक पौंड सहाशेंच्या पाण्यास पुरतात. व्यवहारांत उपयोगी पडेल असा पहिला पडदा कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाच्या लॉस एंजलिस येथील शाखेंत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन ह्या दोघांनीं १९६० च्या सुमारास सिद्ध केला. सौरिराजन हे भारतांत जन्मलेले, हें वाचकांस ऐकून संतोष वाटेल. १९६५ सालीं त्याच प्रांतांतील कोलिंगा गांवास, जेथें पूर्वीं पिण्याचें पाणी आगगाडीनें येत असे, ह्या रीतीनें पाणी मिळूं लागलें. आतांचे पडदे निराळ्या द्रव्याचे असतात. त्यांस क्लोरीन सोसत नाहीं, म्हणून आधीं कोळशाच्या गाळणींतून पाणी काढावें लागतें.

आमच्या पेल्यांतील पाणी काट्यानें चाळीसच्या आंत दाखविलें. चव मोठी गोड. वरण तर असें शिजलें कीं घोटावें लागलें नाहीं. नीरक्षीरविवेक करणाऱ्या हंसाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. फक्त हा हंस मोठा उधळा! एक लिटर निर्मळ पाणी देतांना तो तीन लिटर नाकारतो. घरीं हीं तीन लिटर नळींतून मोरींत जातात व कोणास पत्ता लागत नाहीं. गाडींत तसें चालत नाहीं. पिणें, चहा व स्वयंपाक मिळून आम्हांस दिवसास दहा लिटर लागत. म्हणजे टाकींतून चाळीस गेले. त्या हिशेबानें हातसुद्धां न धुतां चौथ्या दिवशीं टाकी कोरडी आणि नाकारलेल्या पाण्यानेंच सांडपाण्याची टाकी तुडुंब!

चिरंजीव अभियंते. त्यांनीं नाकारलेल्या पाण्याच्या नळीस एक तोटी बसविली आहे; ती फिरविली कीं तें पाणी परत मोठ्या टाकींत जातें. थेंब वायां जात नाहीं. आमच्या कुटुंबास हें मुळींच रुचलें नाहीं. “गाळून टाकलेलें पुन्हां त्याच हंड्यांत ओतायचें? मग गाळलें कशाला?” असा त्यांचा सवाल. हा सोंवळेपणाचा प्रश्न आहे असें समजून चिरंजीव हंसले. परंतु त्यांच्याच काट्यानें मातुःश्रींची बाजू घेतली. क्षार कोठें जात नाहींत. पाणी तेवढें निघून जातें. अर्धी टाकी अशी निर्मळ करून प्यालें तर उरलेल्या अर्ध्या टाकींत क्षार जवळजवळ दुप्पट होतील. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं काटा सातशेंवर गेला. खारटपणा जितका वाढेल तितकी पंपाची मेहनत अधिक, पडदा लौकर बुजण्याची भीति अधिक. त्यांत वाळवंटांतली थंडी. गारठलेल्या पाण्यास पडद्यांतून उतरण्याचा आळस येतो, त्यामुळें पहांटे यंत्र फारच हळू चाले आणि पंपाची घरघर उशाशीं.

तिसऱ्या दिवसापासून नाकारलेल्या पाण्याची नळी बादलींत सोडण्यांत आली. हिशेब साधा आहे: चार लिटरांतले क्षार तीन लिटरांत आले, म्हणजे सातशेंचे साडेनऊशें झाले. भांडीं विसळण्यास व शौचकूपास त्यानें काय अडतें? “प्यायचें पाणी वेगळें, सांडायचें वेगळें, हें आमच्या सासूबाईंनीं मला पहिल्या दिवशीं शिकवलं,” असें कुटुंबानें सूनबाईंस सांगितलें. सूनबाई म्हणाल्या, “आई, मग ही बादली माझ्याकडे.” निघण्याच्या सकाळीं मोठ्या टाकींत दहा लिटर शिल्लक होते.

येथें थोडें विषयांतर करितों. पुण्याकडील कित्येक घरांतून खडकवासल्याच्या नळाला हेंच यंत्र लावलेलें दिसतें. तें पाणी सह्याद्रीवरच्या पावसाचें, मुळांतच मऊ. जंतूंची शंका असेल तर त्यास उकळणें आहे, दुसऱ्या गाळण्या आहेत. जे क्षार फारसे नाहींतच ते काढण्यासाठीं तीन हंडे मोरींत ओतण्याचें प्रयोजन आम्हांस कळत नाहीं. लिटरास पांचशेंच्या आंत क्षार असतील तेथें हीं यंत्रें नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानें २०१९ सालीं दिला होता. ज्यांच्या आडास किंवा कूपनलिकेस मचूळ पाणी आहे त्यांची गोष्ट निराळी.

क्वार्ट्झसाइटहून दक्षिणेस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर यूमा शहर आहे. तेथें कोलोराडो नदी पाहिली. जी नदी ग्रँड कॅन्यनसारखी दरी कोरते ती येथें, वरच्या धरणापाशीं बहुतेक पाणी कालव्यांनीं काढून घेतल्यामुळें, चैत्रांतल्या मुठेसारखी बारीक. पलीकडे मेक्सिको. १९६१ पासून यूमाच्या पूर्वेकडील शेतांतील खारट निचरा नदींत सोडूं लागले आणि मेक्सिकोच्या मेहिकाली खोऱ्यांतील पिकांचें नुकसान होऊं लागलें. बराच तंटा झाल्यावर १९७३ सालीं उभय राष्ट्रांत करार झाला, व तो निचरा निर्मळ करून नदींत सोडण्यासाठीं अमेरिकन सरकारनें यूमा येथें ह्याच विद्येचें एक प्रचंड यंत्रागार बांधलें. खर्च सुमारें २५ कोटी डॉलर. तयार झालें १९९२ सालीं. थोडे महिने चाललें, १९९३ च्या पुरानंतर थांबलें. २०१०–११ मध्यें वर्षभराची चांचणी झाली. आम्हीं कुंपणाबाहेरून पाहिलें तेव्हां सगळें शांत होतें.

यंत्रागार तयार होईपर्यंत काय करावें, म्हणून १९७७ सालीं एक लांब चर खणून तो खारट निचरा मेक्सिकोच्या हद्दींत, समुद्राजवळच्या उजाड सपाटीवर नेऊन सोडला होता. तेथें कोणी न योजितां एक विस्तीर्ण पाणथळ जागा झाली. तिला सांता क्लाराची सिएनेगा म्हणतात. लव्हाळे वाढले, लाखों पक्षी उतरूं लागले. यूमा रेल नांवाची दुर्मिळ पाणकोंबडी तेथें घरटें करते. आतां यंत्रागार पुरतेपणीं चालविलें तर पाणथळीस आजच्यापेक्षां थोडें आणि फार खारट पाणी मिळेल. न चालविलें तर तेवढें पाणी अमेरिकेस वरच्या सरोवरांतून मेक्सिकोस भरून द्यावें लागतें. नदी आटत चालली असतां तें जड जातें.

चिरंजीवांनीं हें सर्व समजावून दिलें. कुटुंबानें विचारलें, “त्या पक्ष्यांच्या बादलीला हात लावायचा कीं नाहीं, हें ठरवतो कोण?” दोन्ही सरकारें मिळून ठरवितात, असें त्यांनीं सांगितलें. नंतर गांवांतील एका नळावर टाकी भरून घेतली. काटा आठशेंच्या जवळ गेला. सूनबाईंनीं बादली धुऊन ओट्याखालीं ठेविली.