दुसरी ट्रॉली

पहिली ट्रॉली कुणीही हलवतो. भांडण आहे ते दुसरीशी.

कृष्णाकाठच्या मळीच्या रानातनं उसानं भरलेली डबल ट्रॉली काढताना आधी हुकांतली ढील संपते. एक खट्ट, मग दुसरा खट्ट. त्यानंतर मागची चाकं फिरेपर्यंत जो वेळ जातो, त्यात क्लच किती सोडायचा हे इतकी वर्षं माझ्या डाव्या पायाला ठाऊक होतं, मला नव्हतं. आता गुडघा गेला. सीटवर पुतण्या बसतो आणि पायातलं तोंडानं सांगायची पाळी माझ्यावर आली आहे.

‘हळू सोड’ म्हणालो, तर त्यानं इतका हळू सोडला की प्लेटचा वास फडभर पसरला. ‘आता सोड’ म्हणालो, तर ट्रॅक्टरचं तोंड वर. हळू आणि पटकन, दोन्ही चूक. निघायच्या आधी वीतभर मागं घ्यायचं, म्हणजे दोन्ही हुकांत ढील येते आणि वजन एकामागून एक अंगावर येतं. दुसऱ्या खट्टला इंजिनाचा आवाज खाली बसतो. तिथं पोरं घाबरून रेस देतात. खरी ओढ काटा दोन हजारावर असताना नसते, चौदाशे-पंधराशेच्या आसपास असते. आवाज बसला की पाय आहे तिथंच ठेवायचा. किती वेळ? इथंच माझं घोडं अडतं. ‘ट्रॉली सांगते,’ असं मी म्हणतो आणि तो माझ्या तोंडाकडं बघतो.

साखराळे, रेठरे, कुंडल, यशवंतनगर, कारखान्याचा काटा कुठलाही असो, रस्त्यावरचं काम तसं सोपं. अवघड ते फडातलं. वाळवा, पलूस, मिरजेकडच्या क्षारपड रानात तर वर पांढरी पापडी आणि खाली सगळा चिखल. पाण्याचा पाट मोकळा सोडायचा, निचऱ्याची चर मात्र कुणी काढायची नाही, आणि ट्रॅक्टर रुतला की शिव्या ड्रायव्हरला. अशा रानात मागच्या टायरकडं बघत राहावं लागतं. खाचांतली माती सुटून पडतेय तोवर आशा असते. खाचा बुजून टायर गुळगुळीत दिसायला लागला की रेस देणं म्हणजे स्वतःचाच खड्डा खणणं.

हल्ली तोंड उचललेल्या ट्रॅक्टरचे व्हिडिओ फिरतात. पुढची चाकं हवेत, स्पीकरवर गाणं, बांधावरची पोरं शिट्ट्या मारतात. चाक हवेत गेलं की स्टेअरिंग फिरवून उपयोग काय? फोर-व्हील ट्रॅक्टर आल्यापासून तर डोकं वापरायचं कामच उरलं नाही, असं मी चारचौघांत बोलतो. माझ्याकडं तो कधी नव्हता, हेही त्यामागं असेल.

पुतण्याला बैलगाडी शर्यतीचा नाद. 2014 ला बंदी आली तेव्हा तो लहान होता. डिसेंबर 2021 ला कोर्टानं परवानगी दिली तेव्हापासून रविवारी घरात सापडत नाही. झेंडा पडला की पहिल्या झेपेतच गाडी सुटली पाहिजे, हे त्याच्या अंगात भिनलेलं. तीच झेप त्यानं क्लचवर आणली, असं माझं ठाम मत होतं.

परवा रात्रभर भरून उभ्या राहिलेल्या ट्रॉलीची चाकं खाली बसली होती. तो आधी खाली उतरला. दुसऱ्या ट्रॉलीभोवती फिरला, टोळीतल्या एकाचं खोरं घेतलं, दोन्ही चाकांपुढची माती तासून उतार केला आणि वर पाचट टाकलं. मी असं कधी केलं नाही. मला माहीत नव्हतं असं नाही. टोळी बघत असताना ड्रायव्हरनं खोरं हातात घ्यायचं म्हणजे कमीपणा वाटायचा. टोचन लावायला दुसरा ट्रॅक्टर आला तरी मी ‘थांब जरा’ म्हणायचो, आणि माझी गाडी एकटीनं निघाली की मुद्दाम मागं वळून बघायचो नाही. सगळे बघतायत हे मला ठाऊक असायचं.

खट्ट, खट्ट, आणि ट्रॉली निघाली. रेस वाढली नाही, तोंड उचललं नाही. मुकादम जवळ आला आणि उद्याची खेप किती वाजता लावायची ते त्याला विचारून गेला. मी बांधावरनं ओरडलो, “पहिल्या लो मध्येच होता ना रं?”

“दुसऱ्या लो मध्ये होतो, आबा.”