आधी नट

गाडीचा विषय निघाला की माणसे तिच्या धावण्याविषयी बोलतात. चढणीला दम धरते का, लिटरमागे किती किलोमीटर देते, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. ती थांबते कशी, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा तर यंत्राशी संबंध तिकीट काढून बसण्यापुरता! तरीही यंदा मी अशी एक विद्या शिकले, जी आमच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

आमच्याकडे एक जुनी मारुती ८०० आहे. रत्नागिरीची खारी हवा आणि पावसाळ्यातला चिखल यांनी तिच्या पोटाखालची ब्रेकची नळी पोखरली होती. डबीतले ब्रेक ऑइल आपोआप कमी होऊ लागले, तेव्हा काका गाडीखाली शिरले. नळी जिथे पकडीत अडकवलेली असते, नेमक्या त्याच जागी गंजाचे पापुद्रे सुटले होते आणि ओल दिसत होती. काका एस. टी.च्या वर्कशॉपमधले निवृत्त फिटर. हात आता थरथरतो. ते म्हणाले, "बाय, नळी मी आणतो. तोंड तू काढायचंस."

ब्रेकचे तत्त्व साधे आहे. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच विचारवंताने दाखवून दिले. तत्त्वज्ञानाच्या तासाला भेटणारा हाच पास्कल गाडीखालीही भेटेल, असे मला वाटले नव्हते! पायाने दिलेला दाब जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीतून चाकापर्यंत जातो. ती नळी फुटली, की पेडल जमिनीला टेकते. एक मार्ग गेला तरी दुसरा थोडाफार ब्रेक राखतो, पण घाटात 'थोडाफार' या शब्दाला काय अर्थ?

शेजारच्या काकांनी सुचवले, "फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी घाला, गंजायची नाही." काकांनी मान हलवली. "तांबं थकतं. हादऱ्यांनी चिरतं." फ्रिजवाल्याचे हत्यार मात्र त्यांनी आणले आणि पोलादी नळीच्या एका तुकड्याचे तोंड त्याने फुलवून दाखवले. कडेला केसाएवढी चीर पडली होती. म्हणून ब्रेकच्या नळीचे तोंड नुसते फुलवायचे नसते. त्याची कड आत दुमडून दुहेरी करायची असते. त्याला 'डबल फ्लेअर' म्हणतात.

आमच्या अंगणात मग वर्ग भरला. गाडी जॅकच्या भरवशावर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवली. नळी करवतीने नव्हे, तर कटरने, बरोबर काटकोनात कापायची. आतबाहेरची खरखर काढायची. "आणि आता?" काका दर वेळी विचारत. "आधी नट!" मी म्हणे. कारण एकदा तोंड फुलले, की नट त्यावरून सरकत नाही. मग नळी शिकंजात धरायची. ठोकळ्याला जेवढी कड, तेवढीच ती वर ठेवायची. ठोकळा दाबला की तोंड फुगते, तो काढून शंकू दाबला की फुगलेली कड आत वळते.

घरच्या नळाचा जोड गळला, तर आपण सुतळी आणि सफेदा लावतो. इथे तसले काही चालत नाही. टेप नाही, वॉशर नाही. धातू धातूला टेकतो आणि तेवढ्यावरच सारे अवलंबून असते. आटे फक्त दोघांना आवळून धरतात. माझ्या बारा तुकड्यांच्या सरावानंतर काकांनी शेवटचा भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "हा गाडीला लाव."

पुढचे काम दोघांचे. नळीत शिरलेली हवा काढायची, कारण हवा दबते, ब्रेक ऑइल दबत नाही. (त्याला आपण ऑइल म्हणतो, पण ते खनिज तेल नव्हे, तसले तेल पडले तर आतले रबर फुगून निकामी होते.) ते हवेतली ओल शोषते, म्हणून बाटलीही नवी, सीलबंद आणली होती. मी पेडलवर, काका चाकापाशी. "दाब... धर... मी सांगेपर्यंत सोडू नको." मध्येच पाय उचलला तर हवा पुन्हा आत. पारदर्शक नळीतून आधी बुडबुडे आले, मग ते विरळ झाले, मग थांबले. पायाखालचे पेडल दगडासारखे घट्ट झाले. मी ते सारा जोर लावून दाबून धरले आणि काकांनी एकेका जोडाखाली कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. तरी दोन दिवस गाडी आमच्या गल्लीतच, पायी चालण्याच्या वेगाने, थांबत थांबत फिरली.

"मुलीने केलेल्या ब्रेकवर घाट उतरायचा?" असे एका नातेवाइकांनी विचारले. काका म्हणाले, "पोलादाला ते कळत नाही."

पुढल्या आठवड्यात आजीला डोळे दाखवायला कोल्हापूरला नेले. परतताना आंबा घाटात उतार लागला, वळणे आली, समोरून ट्रक आले. बाबा प्रत्येक वेळी ब्रेक दाबत आणि माझा पाय नकळत त्यांच्याबरोबर दाबला जाई. साखरप्याला मी मागे वळून पाहिले. आजी खिडकीला डोके टेकवून गाढ झोपली होती. नळीचे तोंड, नट, भिंग यांतले तिला काही ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.