वार्ताहराविना मैदान

वार्ताहर हा शब्द आम्हांला फार आवडतो. वार्ता वाहून आणणारा तो वार्ताहर. ह्या शब्दाला पाय आहेत. जो कोठे गेलाच नाही, उन्हात उभा राहून ज्याने काही पाहिले नाही, कोणास काही विचारले नाही, त्याला वक्ता म्हणावे, भाष्यकार म्हणावे, फार तर विद्वान म्हणावे. वार्ताहर मात्र म्हणता येणार नाही. हा भेद आज मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण क्रीडाजगतातील एका बलाढ्य दूरचित्रवाणी संस्थेने तो आपल्या जमाखर्चाच्या वहीत मांडून पाहिला, आणि त्या हिशोबात वार्ताहर महाग ठरला.

ईएसपीएन हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. १९९५ च्या सुमारास ही वाहिनी भारतात आली, पुढे स्टार स्पोर्ट्सशी तिची भागीदारी झाली, आणि वसईच्या वाड्यांतून केबलची काळी तार नारळीवरून चिकूवर व चिकूवरून कौलांवर गेली, ती बव्हंशी क्रिकेटच्या ओढीने. २०१२ मध्ये ती भागीदारी संपली. तरीही २००७ मध्ये ह्या कंपनीने क्रिकइन्फो हे क्रिकेटचे भांडार विकत घेतले असल्यामुळे, आमची नातवंडे आजही धावसंख्या पाहतात ती ह्याच नावाखाली. एवढा संबंध सोडला, तर ही कथा अमेरिकेची आहे.

तिचा आरंभ मोठा विलक्षण. बिल रासमुसेन हे गृहस्थ एका हॉकी संघाच्या प्रसिद्धिविभागात नोकरीस होते. १९७८ मध्ये ती नोकरी गेली. घरी बसलेल्या ह्या माणसाने आपल्या मुलाला हाताशी धरून, उपग्रहामार्फत अहोरात्र खेळ दाखविणारी वाहिनी काढण्याचा बेत केला. कनेक्टिकट राज्यातील ब्रिस्टल ह्या लहानशा गावी, ७ सप्टेंबर १९७९ रोजी ती सुरू झाली. नोकरीवरून काढलेल्या एका माणसाने उभारलेली ही संस्था! आणि तिच्यावरून प्रक्षेपित झालेला पहिला कार्यक्रम सामन्याचा नव्हता, बातम्यांचा होता. 'स्पोर्ट्ससेंटर' त्याचे नाव. बॉब ले नावाचा एक तरुण निवेदक तिसऱ्या दिवशी तेथे रुजू झाला. खेळाच्या आड चालणारे व्यवहार धुंडाळणारा 'आउटसाइड द लाइन्स' हा कार्यक्रम १९९० पासून त्याने वर्षानुवर्षे चालविला, आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०१९ मध्ये, तो निवृत्त झाला.

ह्या वाहिनीचे उत्पन्न येत होते कोठून, हे कळल्याशिवाय पुढची पडझड कळणार नाही. अमेरिकेत केबल घेणारे प्रत्येक कुटुंब ह्या एका वाहिनीपोटी दरमहा ठरावीक रक्कम देत असे. खेळ पाहो वा न पाहो. ज्या आजीला फुटबॉलचा चेंडू गोल की लांबट हेही ठाऊक नाही, तिच्याही बिलात ती रक्कम असे. २०१७ च्या आसपास ती महिना सात डॉलरहून अधिक होती. २०११ मध्ये अशी सुमारे दहा कोटी घरे होती; २०१७ पर्यंत ती सुमारे आठ कोटी ऐंशी लाखांवर आली, कारण लोक केबल तोडून इंटरनेटवर पाहू लागले होते. वाचकांनी गुणाकार करून पाहावा: एक कोटी वीस लाख घरे, दरमहा सात डॉलर, वर्षाचे बारा महिने. शंभर कोटी डॉलरांचे खिंडार पडते. दुसऱ्या बाजूस सामने दाखविण्याच्या हक्कांचे दर गगनाला भिडले होते. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल ह्या संघटनेला वर्षाला सुमारे १९० कोटी डॉलर देण्याचा करार २०११ मध्येच झाला होता. बास्केटबॉलसाठी टर्नर ह्या दुसऱ्या कंपनीसह नऊ वर्षांचे २,४०० कोटी डॉलर कबूल केले होते. हे करार मोडता येत नाहीत. मोडता येते ती माणसाची नोकरी.

ऑक्टोबर २०१५ मध्ये सुमारे ३०० जणांना कामावरून कमी केले. २६ एप्रिल २०१७ रोजी सुमारे १०० जणांची पाळी आली, आणि ह्या खेपेस कुऱ्हाड पडली ती पडद्यावर दिसणाऱ्या व लेखणी चालविणाऱ्या माणसांवर. एड वर्डर हे सतरा वर्षे एनएफएलचे वार्ताहर होते. नव्या खेळाडूंच्या निवडीचा सोहळा, जो त्यांच्या क्षेत्रातील वर्षातला मोठा दिवस, तो दुसऱ्याच दिवशी होता. बेसबॉलवर लिहिणारे जेसन स्टार्क ह्यांनाही त्याच दिवशी घरी पाठविले. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, कूपर्सटाउन येथे बेसबॉल लेखकांचा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला! हॉकीवर लिहिणारे तर एका दिवसात बहुतेक संपले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी १५० गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये, महामारीच्या दिवसांत, ३०० गेले व २०० रिकाम्या जागा भरावयाच्या नाहीत असे ठरले. ३० जून २०२३ रोजी पडद्यावरील सुमारे वीस परिचित चेहरे दिसेनासे झाले.

कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हे, हे आम्हांला समजते. खर्च उत्पन्नाहून वाढला की कोठेतरी कात्री लावावी लागते. प्रश्न आहे तो कात्री कोठे लावली आणि कोठे लावली नाही, हा. २०१७ नंतर पडद्यावर शुकशुकाट झाला असे नाही. उलट गजबज वाढली. एका मेजाभोवती दोघेचौघे बसतात, मोठ्या आवाजात वाद घालतात, आणि ज्या बातमीवर वाद घालावयाचा ती दुसऱ्याच कोणीतरी आणलेली असते. असा कार्यक्रम स्वस्त पडतो. प्रवासखर्च नाही, चौकशी नाही, तीन महिने खपून हाती काहीच न लागण्याचा धोकाही नाही. मे २०२३ मध्ये माजी खेळाडू पॅट मॅकॅफी ह्याचा गप्पांचा कार्यक्रम मोठी रक्कम मोजून ह्या वाहिनीने आणला. त्यात नियमाने येणारा खेळाडू ॲरन रॉजर्स ह्याला येण्याबद्दल मोबदला मिळतो, हे त्याच वर्षी उघड झाले. पूर्वी प्रश्न विचारणाऱ्यास वेतन मिळत असे. आता उत्तर देणाऱ्यास मिळू लागले. हा बदल लहान नाही.

ह्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार एवढाच, की शाळेतील नोकरी सांभाळून आम्ही पंचवीसएक वर्षे एका दैनिकाचे गावाकडील वार्ताहर होतो. मानधन ओळींवर. रविवारी सकाळची मिस्सा आटोपली की धर्मग्रामाच्या मैदानावर सामने सुरू होत. आम्ही दोन्ही संघांच्या मुलांची नावे त्यांच्याच तोंडून वहीत उतरवून घेत असू, कारण एकाच आडनावाचे चौघे असत आणि नाव चुकले तर आई घरी येत असे. बातमीचे पाकीट पहाटे दादरच्या फुलबाजाराला निघालेल्या शेजाऱ्याच्या टोपलीत, मोगऱ्याच्या पुड्यांवर ठेवून जाई. एका वर्षी एका स्पर्धेत विजेत्यांना मंडपात मोठा धनादेश देऊन छायाचित्र काढले, आणि चार महिने झाले तरी मुलांच्या हाती पैसा आला नाही. आम्ही आयोजकांना विचारले, मुलांना विचारले, बँकेतही विचारले, आणि पाच ओळी लिहिल्या. आठ दिवसांत पैसे मिळाले. आयोजकांपैकी दोघे नंतर बरीच वर्षे आमच्याशी बोलत नव्हते. पुढे त्या दैनिकाने गावोगावच्या बातम्यांचे पान बंद केले. तसे पत्रही आले नाही, पाठविलेले छापून येईनासे झाले एवढेच. पत्रकारितेविषयी आम्हांस जे कळते ते ह्या पाच ओळींतून कळते.

आणि मोठ्या प्रमाणावर पाहिले तरी तेच दिसते. ४ ऑगस्ट २०१६ रोजी 'इंडियानापोलिस स्टार' ह्या प्रादेशिक वृत्तपत्राने एक वृत्तान्त छापला: प्रशिक्षक मुलींशी दुर्वर्तन करतात अशा तक्रारी येऊनही अमेरिकेची जिम्नॅस्टिक संघटना त्या पोलिसांकडे देत नाही. तो वाचून रेचल डेनहॉलंडर ह्या माजी जिम्नॅस्ट महिलेने त्याच दिवशी वृत्तपत्राला लिहिले की तिला त्रास देणारा प्रशिक्षक नव्हता, संघाचा डॉक्टर होता. सप्टेंबरात लॅरी नासार हे नाव छापून आले. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक स्त्रिया न्यायालयात त्याच्यासमोर उभ्या राहून बोलल्या आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. कोठलीही वाहिनी त्या मुलींची ऑलिंपिक पदके दाखवीत होती. पदकाच्या मागे काय आहे हे विचारायला मात्र एका वृत्तपत्राचे तीन वार्ताहर जावे लागले. विद्यापीठाने ह्या प्रकरणी काय झाकले ह्याचा शोध नंतर ईएसपीएनच्याच वार्ताहरांनी उत्तम रीतीने घेतला, हेही येथे सांगितले पाहिजे. तेथे चांगली माणसे होती आणि आहेत.

परंतु ज्याच्याकडून सामने विकत घ्यावयाचे त्याचीच चौकशी करावयाची, हा पेच त्या माणसांना सुटत नाही. ईएसपीएनचे मार्क फायनारू-वाडा व स्टीव फायनारू हे बंधू, फुटबॉलमध्ये डोक्यावर वारंवार होणाऱ्या आघातांनी खेळाडूंचे मेंदू कसे निकामी होतात आणि एनएफएलने ते कसे नाकारले, ह्यावर काम करीत होते. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या 'फ्रंटलाइन' ह्या मालिकेबरोबर त्यावर चित्रपट व्हावयाचा होता. ऑगस्ट २०१३ मध्ये ईएसपीएनने त्यातून आपले नाव काढून घेतले. संपादनावर आपला ताबा नाही असे कारण दिले. एनएफएलच्या नाराजीमुळे हे घडल्याचे वृत्त छापून आले, दोघांनीही ते नाकारले. आठवडाभरात एनएफएलने माजी खेळाडूंना ७६ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तडजोड जाहीर केली. चित्रपट ईएसपीएनच्या नावाविना ऑक्टोबरात दाखविला गेला. अशा वेळी वाहिनीला जाब विचारण्यासाठी २००५ पासून तिच्याकडे एक लोकपाल असे. २०१८ मध्ये ते पदही रद्द केले.

आपल्याकडे काय आहे, असे कोणी विचारील. मार्च २०२० मध्ये आपल्या मुंबईचे संजय मांजरेकर क्रिकेट मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून वगळले गेले, एवढे आठवून पुढे जावे. अमेरिकेत तर वृत्तपत्रांनीही हात टेकले आहेत. जुलै २०२३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपला क्रीडाविभागच मोडला आणि ते काम, आदल्या वर्षी ५५ कोटी डॉलरांना घेतलेल्या 'द ॲथलेटिक'कडे सोपविले.

ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटचा करार जाहीर झाला. एनएफएलने आपली वाहिनी ईएसपीएनला द्यावयाची आणि मोबदल्यात ईएसपीएनची दहा टक्के मालकी घ्यावयाची. ज्याच्याविषयी बातमी, तोच बातमी देणाऱ्या घराचा भागीदार. दोन्ही बाजूंनी सांगितले की पत्रकारितेवर परिणाम होणार नाही. तसे होवो.

ह्या मे महिन्यात आमच्या भागातील एका फुटबॉल स्पर्धेचा वृत्तान्त आयोजकांनी स्वतःच लिहून सर्वांच्या भ्रमणध्वनींवर पाठविला. त्यात व्यासपीठावरील अकरा जणांची नावे होती, अंतिम सामन्यातील एकमेव गोल कोणी केला ते नव्हते. आम्ही दूरध्वनी केला, तर पलीकडून उत्तर आले की विचारून सांगतो. दोन दिवस वाट पाहून आम्ही रिक्षाने नंदाखालला गेलो. मुलगा सतरा वर्षांचा, डाव्या पायाने खेळणारा. वडील वाडीत पाणी लावीत होते, त्यांनी त्याला हाक मारली. गोल कसा झाला हे त्याने आम्हांला अंगणात, चपला मांडून दाखविले.