खात्यांचं बिऱ्हाड

घर बदलताना बरणी फुटली तर निदान आवाज होतो. बँकेची खाती एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवताना तेवढीही सोय नसते.

देना बँकेचंच बघा. हे नाव देवकरण नानजी यांच्या ‘दे’ आणि ‘ना’वरून पडलेलं; ‘देण्या’शी त्याचा संबंध नाही, हे कर्जदारांना मात्र कधी पटलं नाही! १ एप्रिल २०१९ रोजी ती, विजया बँकेसह, बँक ऑफ बडोदात विलीन झाली. पाटी काय, एका दिवसात बदलते. पण देनाच्या १,७७० शाखांची खाती नव्या घरी पोचेपर्यंत डिसेंबर २०२० उजाडला.

कारण अशा बदलात जुन्या यंत्रात आडनाव आधी, तर नव्यात नाव आधी असू शकतं. खाते क्रमांकाची लांबीही वेगळी. म्हणून आधी रंगीत तालीम, मग एखाद्या शनिवारी रात्री एटीएम बंद करून खरा प्रयोग. पहाटे दोन्हीकडच्या बेरजा पैशापर्यंत जुळल्या, की संगणकवाले चहाला मोकळे.

आमच्याही बँकेवर ही पाळी आली. (नाव सांगत नाही, पगार अजून तिच्याकडूनच येतो.) सोमवारी विक्रोळीच्या शाखेत कन्नमवार नगरातल्या एक आजी पेन्शन काढायला आल्या. नाव बरोबर, शिल्लक बरोबर. पण ‘हात कापतो, अंगठा चालेल’ हा जुना शेरा कुठेच दिसेना. नव्या यंत्रात शेऱ्याचा रकानाच नव्हता!

“म्हणजे पैसे आले, मी तिकडेच राहिले का रे?” आजींनी विचारलं.

त्यांना खुर्ची दिली आणि नवा फॉर्म काढला. त्यातही रकाना नव्हता. समासात लिहिलं.