येऊ द्या, येऊ द्या...

आमच्या बेल्यात ट्रक मागे घ्यायचा असला, की दोन भाषा लागतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस घराघरांत येऊ लागतो आणि अरुंद गल्ल्यांत ट्रक शिरतात. क्लीनर मागे उभा राहून हात हलवतो. पैनगंगेपलीकडचा असेल तर ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो. आदिलाबादकडचा असेल तर ‘रानी, रानी’. तेलुगूत ‘रानी’ म्हणजे ‘येऊ दे’. यवतमाळकडून नवाच आलेला ड्रायव्हर पहिल्यांदा हे ऐकतो, तेव्हा कोणती राणी आली म्हणून आरशात डोकावतो.

इथवर गंमत आहे, धोका पुढेच आहे. थांबवायची वेळ आली की तेलुगू क्लीनर ‘चालु, चालु!’ असं ओरडतो. ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’. मराठी ड्रायव्हर समजतो, चालू ठेवायचं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भिंतीचा कोपरा अशाच एका ‘चालु’ने गेला. दोष कोणाचा म्हणायचा? दोघेही आपापल्या भाषेत खरंच बोलत होते. मागचं मात्र कोणीच पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतात. तेलुगूतही ती ‘बंडी’च, आणि आता तर तेलुगू माणूस मोटारसायकलीला आणि मोटारीलाही बंडीच म्हणतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे बैलांची बंडी होती. ती मागे घ्यायची झाली, की बाबा आधी खाली उतरत. मागे जाऊन पाहत. मग बैलांच्या समोर उभे राहून जू धरून त्यांना मागे रेटत आणि आम्ही पोरं चाकांना हात देत असू. बसल्या जागेवरून बंडी मागे घेताना मी कोणालाच पाहिलेलं नाही. त्या वेळी यात काही शिकण्यासारखं आहे, असं वाटलं नव्हतं.

मोटार मी फार उशिरा, एक्कावन्नाव्या वर्षी शिकलो. जुनीच घेतली, तिची पाटी ‘एपी 01’. मुलानं हैदराबादेत नोकरी लागल्यावर गाडी घेतली, पण नोंदणी हौसेनं आदिलाबादेत केली. ती ‘टीएस 01’. मार्च 2024 पासूनच्या नव्या गाड्या ‘टीजी 01’. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या तीन पाट्या. आपल्या भागाला याचं नवल नाही. 1956 मध्ये किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. 2014 मध्ये राज्य बदललं, 2016 मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आम्ही जागचे हललो नाही. पाट्याच बदलत गेल्या.

मला गाडी शिकवली ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं. आज तो चाळिशीचा आहे आणि वीस वर्षांपासून गडचांदूर-कोरपन्याच्या रस्त्यावर सिमेंटचे आणि कापसाचे ट्रक चालवतो. रविवारी पहाटे गावाबाहेरच्या मैदानावर त्यानं चार पऱ्हाट्या रोवल्या आणि म्हणाला, “आता याच्या मधात गाडी मांगं घ्या, सर.” लायसनच्या परीक्षेत मर्यादित जागेत गाडी मागे घेऊन दाखवावी लागते, त्याचीच ही तयारी. मी तीन आरशांत आळीपाळीनं पाहत गाडी घेतली आणि दोन पऱ्हाट्या मोडल्या.

“आरश्यातच काहून पाहता जी? मान वळवा ना!”

मी मराठीचा शिक्षक. ‘सिंहावलोकन’ हा शब्द मुलांना शिकवताना, चालता चालता थांबून, मान वळवून मागचं पाहणाऱ्या सिंहाचं चित्र मी वर्षानुवर्षं उभं करत आलो. पण स्वतः मान वळवायची तर माझे मणके दुखतात. पन्नाशीनंतर माणसाला आरसा आवडू लागतो, याचं एक कारण मानेत असावं! त्यानं मात्र पिच्छा सोडला नाही. बाहेरचे आरसे फुगीर असतात. आमचे विज्ञानाचे शिक्षक त्यांना बहिर्वक्र म्हणतात. त्यांत जास्त प्रदेश मावतो, पण प्रत्येक वस्तू लहान आणि म्हणून दूर वाटते. भिंत हातभरावर आलेली असते आणि आरसा ती चार हातांवर दाखवतो. शिवाय मागे घेताना स्टेअरिंग वळवलं, की गाडीचं तोंड दुसऱ्या बाजूला फिरतं. म्हणून नुसतं मागे पाहूनही भागत नाही. मान वळवायची, मध्येच पुढचा कोपरा पाहायचा, आरशांत डोकावायचं आणि गाडी माणसाच्या पावलानं न्यायची. हे सगळं त्यानं मला शिकवलं. परीक्षेत मी पास झालो. पुढे दोन-चार महिन्यांत माझी मान पुन्हा आरशापुरतीच वळू लागली.

मुलाच्या गाडीत कॅमेरा आहे. मागचा गिअर टाकला की समोरच्या पडद्यावर मागचं अंगण उजळतं. त्यामुळे दिवाळीत घरी आला की आमचा वाद ठरलेला. तो म्हणतो, “बाबा, पडदा पाहा.” मी म्हणतो, “तीन आरसे पुरतात.” माझा विद्यार्थी फराळाला आला की म्हणतो, “मान वळवा.” आमची सौ. म्हणते, “तुम्ही तिघं वाद घाला, मी रिक्षानं जाते.”

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, हा वाद मिटला. मिटला कसा, ते सांगायला माझा हात अजून जड होतो.

अंगणात माझी गाडी उभी होती. मुलाची गाडी बाहेर काढायची होती आणि माझी वाटेत होती. मी बसलो, गाडी सुरू केली. डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला, मधला पाहिला. अंगण रिकामं होतं. मागचा गिअर टाकला. गाडी हातभर सरकली असेल, तोच कोणीतरी टपावर दोन थापा मारल्या, ट्रकच्या पत्र्यावर मारतात तशा. “थांबा सर!”

ब्रेक लागला. फराळाला म्हणून तो फाटकातून आत येत होता. तो गाडीच्या मागे वाकला आणि माझ्या अडीच वर्षांच्या नातीला उचलून उभा राहिला. आजीच्या रांगोळीतून उरलेला रंग घेऊन ती बंपरच्या मागे उकिडवी बसली होती. तिचे हात गुलाबी झाले होते. ती रडत नव्हती. “आजोबा, माझं फूल मोडलं,” एवढंच म्हणाली.

मी गाडीतून उतरू शकलो नाही. पाय आपले राहिले नव्हते. सौ.नं नातीला आत नेलं. घरात कोणी मला एक शब्द बोललं नाही. कोणी रागावलं असतं, तर बरं वाटलं असतं.

तासाभरानं तो म्हणाला, “सर, पुन्हा बसा गाडीत. गाडी बंदच ठेवा.” ती बसली होती तिथं त्यानं पाण्याची घागर ठेवली आणि तिच्यावर आणखी एक भांडं ठेवलं, तिच्या डोक्याच्या उंचीचं. “आता आरश्यात पाहा.” पाहिलं, काही दिसलं नाही. “आता मान वळवा.” वळवली, पुरती, मणके कुरकुरेपर्यंत. मागच्या काचेतून कडुनिंब दिसला, कुंपणाची भिंत दिसली, भिंतीवरच्या रात्रीच्या पणत्या दिसल्या. घागर दिसली नाही.

“म्हणजे मान वळवूनही ती दिसली नसती?”

“नसती दिसली जी. काचेच्या खाली कोणालेच दिसत नाही. म्हणून बसायच्या आधी एक चक्कर मारायची. आमी ट्रकवाले टायर पाहतो म्हणतो, पण खरं तर तेच पाहतो.”

बाबा बंडीवरून आधी का उतरत, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. न्यूयॉर्कजवळ 2002 साली एक बाप घरासमोर गाडी मागे घेत होता आणि त्याचा दोन वर्षांचा मुलगा, कॅमेरॉन गलब्रॅन्सन, त्या गाडीखाली गेला. बाप स्वतः बालरोगतज्ज्ञ. आरसे पाहिले होते आणि मानही वळवली होती, असं त्यानंच पुढे सांगितलं. त्या मुलाच्या नावानं अमेरिकेत 2008 मध्ये कायदा झाला आणि मे 2018 पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडी मागे घेताना दरवर्षी सुमारे 210 माणसं मरतात आणि त्यांतली 31 टक्के पाच वर्षांच्या आतली मुलं असतात, असा तिथल्या सरकारनं 2014 मध्ये हिशेब दिला होता. आपल्याकडेही 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना, मागे काही आडवं आलं तर आवाज करणारी यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कॅमेऱ्यात घागर दिसते. आम्ही तीही ठेवून पाहिली. पण त्याच्या भिंगावर पावसाळ्यात चिखल बसतो, आणि बाजूनं धावत येणारं मूल पडद्यात शिरेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. कॅमेरा असावा, तो आपल्याऐवजी उतरून पाहील, असं मात्र समजू नये.

त्या संध्याकाळी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते तेव्हा तोंडून निघालं. “तू नववीत शाळा का सोडलीस रे?”

तो जरा हसला. “बाप आजारी पडला होता सर. घरी बंडी होती, हाकाले कोणी नव्हतं. आठ-पंधरा दिवसांनी येणारच होतो. आलो तं नाव कटलं होतं. मंग काय, बंडीच हाकली.”

1998 सालची गोष्ट. मी वर्गशिक्षक होतो. सलग गैरहजर म्हणून त्याच्या नावावर लाल शाईची रेघ मीच ओढली होती. त्याचं घर शाळेपासून चार किलोमीटरवर. मी हजेरीपट पाहिला होता, चाचणीचे गुण पाहिले होते, नियम पाहिला होता. तीनही आरसे पाहिले होते. खुर्चीवरून उतरून त्याच्या घरी मात्र गेलो नव्हतो.

“कोणी विचाराले आलं असतं, तर परत आला असतास?”

“आलो असतो जी,” तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. माझ्या नातीला उचलणारा हात तोच होता आणि त्या हातातली पाटी-पेन्सिल सुटत होती, तेव्हा मी आरशात पाहत बसलो होतो.

मुख्याध्यापक म्हणून दर वर्षी मी शाळेचा अहवाल लिहितो. त्याच्या पहिल्या पानावर ‘सिंहावलोकन’ असं मोठ्या अक्षरांत असतं आणि खाली टक्केवारी. टक्केवारी खोटी नसते; पण काचेच्या खाली बसलेलं मूल तीत दिसत नाही. दहावीचा निकाल चांगला लागतो, कारण जे दहावीपर्यंत पोचले नाहीत ते त्यात मोजलेच जात नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत आमचे मागचे बाक रिकामे होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती मुलं कोणत्या शेतात आहेत, हे पाहायला कोण जातं?

दिवाळीची सुटी संपल्यावर मी एक नियम केला. वर्गशिक्षकानं घरी जाऊन आल्याशिवाय कोणाचंही नाव कमी करायचं नाही. शिक्षकांनी थोडी कुरकुर केली, म्हणून पहिल्या काही घरी मीच गेलो. एका घरी मराठीत बोललो, दुसऱ्या घरी माझ्या मोडक्या तेलुगूत. त्या हंगामात सहा मुलांच्या घरी गेलो. चार परत आली. दोन आली नाहीत. त्या दोघांचं दार मात्र मला माहीत आहे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.

गाडी अजून तीच आहे. आता मी आधी तिच्याभोवती एक फेरी मारतो. शेजारी हसतात, हसू देत. मग बसतो, मान वळवतो. सौ. मागे उभी राहते आणि हात हलवते. ‘येऊ द्या’ म्हणा, ‘रानी’ म्हणा, घरात दोन्ही चालतात. पण ‘चालु’ या शब्दाला आमच्या अंगणात बंदी आहे. थांबवायचं असेल तर टपावर दोन थापा मारायच्या. त्या दोन्ही भाषांत कळतात.