पाहुणा आणि गरबा

वडोदऱ्यास आश्विन शुद्ध प्रतिपदा आली की शहराचा दिनक्रम उलटा होतो. माणसे दिवसा जांभया देतात आणि रात्री जागतात. याच दिवसांत वसईहून आमचे नातलग येतात आणि सामान खाली ठेवण्यापूर्वीच विचारतात, "गरबा कधी दाखवणार?"

दाखवण्याजोगे पुष्कळ आहे, यात संशय नाही. मोठ्या मैदानांवर प्रवेशपत्रे घेऊन हजारो माणसे फेर धरतात. चाल संथ सुरू होते नि हळूहळू वेग घेते. डिसेंबर २०२३ मध्ये बोत्स्वाना देशातील कसाने येथे भरलेल्या सभेत युनेस्कोने गुजरातच्या गरब्याचे नाव मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातले. त्याच सभेत थायलंडच्या सोंगक्रान सणाचेही नाव लागले. एप्रिलच्या मध्यास येणारे ते तेथील परंपरागत नववर्ष. परदेशी प्रवासी रस्त्यांवरील पाणीखेळासाठी तिकडे जातात. घरची मुले मात्र वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घेतात. प्रवाशाच्या नजरेत भरतो तो खेळ. सण घरात असतो.

गरब्याचेही तसेच आहे. गरबो म्हणजे सच्छिद्र मातीचा घट. त्याच्या आत दिवा तेवत असतो. त्याच्याभोवती स्त्रिया टाळ्यांच्या ठेक्यावर फिरतात. भोंडल्यात पाटावरील हत्तीभोवती फेर धरणाऱ्या मुलींची आठवण व्हावी! मैदानावरील झगमगाटात हा घट शोधावा लागतो. गल्लीत तो डोळ्यांसमोर असतो. म्हणून पाहुण्यांना मी आधी तेथे नेतो.

तेथे मात्र एक प्रश्न उभा राहतो. फेर धरण्यापूर्वी देवीची आरती होते. गेल्या वर्षी माझ्या पुतणीने दबक्या आवाजात विचारले, "काका, आता आपण काय करायचे?"

"चपला काढ आणि शांत उभी राहा," मी म्हणालो. "ही त्यांची प्रार्थना आहे. आपण तिची नक्कल करावयाची नाही, आणि तमाशा म्हणून तिच्याकडे पाहावयाचेही नाही." तिने उचललेला कॅमेरा खाली घेतला.

इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. त्याच घोषणेत ख्रिस्ताची साक्ष अखंड देत राहण्याचेही कर्तव्य सांगितले आहे. दोन्ही एकदम पाळणे काहींना अवघड वाटते. शेजाऱ्यांत राहणाऱ्याला ते तितकेसे अवघड जात नाही. ऑक्टोबर हा आपला जपमाळेचा महिना. त्या रात्री आमची जपमाळ संपेपर्यंत आम्हांला बोलवावयास आलेल्या शेजारच्या बेन ओट्यावर थांबून राहिल्या होत्या. आरतीचे तबकही त्यांनी आमच्यापुढे आणले नाही. फेर सुरू झाल्यावर मात्र पुतणीचा हात धरून त्यांनी तिला आत ओढले, आणि तिची टाळी चुकली तेव्हा मनमोकळ्या हसल्या.

नाताळात त्या आमची गव्हाण पाहावयास येतात. दाराशी चपला काढतात, बाळ येशूपुढे क्षणभर स्तब्ध उभ्या राहतात, आणि मग करंज्यांत यंदा सारण कशाचे आहे, ते विचारतात.